लॉक नसलेला छोटा चाकू रोज खिशात बाळगायचा तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आतापर्यंत जाड पात्याचा, एका हाताने उघडणारा, लॉकवाला चाकू वापरलात. तो खिशाला जड व्हायचा आणि चारचौघांत उघडला की लोक दचकायचे. म्हणून दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा, कार्बन पोलादाचा, जुन्या घाटाचा छोटा चाकू घेतलात. आता तीन तक्रारी आहेत. उघडताना नख तुटतं. सफरचंद कापल्यावर पातं निळं-काळं पडलं. आणि लॉक नसल्यामुळे तो बोटांवर मिटेल अशी धास्ती वाटते. चुकीचा चाकू घेतला का, आणि नसेल तर लोकांना यात एवढी गोडी कशाची वाटते, असं विचारलं आहे.

चाकू चुकीचा नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: नवा चाकू तुम्ही जुन्या चाकूच्या सवयीने वापरताय. जाड, लॉकवाला चाकू बऱ्याच चुका पोटात घालतो. टोक खुपसा, पातं अडकलं तर पिळा, हिसका द्या, तो सहन करतो. छोटा चाकू हे सहन करत नाही. त्याच्या बदल्यात तो कापण्याचं काम इतकं सुबक करतो की जाड चाकूकडे परत जावंसं वाटत नाही. पण त्यासाठी हाताला थोडं वेगळं वळण लावावं लागतं, आणि ते लागायला दोन-तीन आठवडे जातात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. दिवसभर खोकी फोडायची असतील, ओले दोर कापायचे असतील किंवा हातमोजे घालून काम असेल, तर हा चाकू मी सुचवणार नाही. तिथे बदलत्या पात्याचा कटर बरा. दिवसातून चार-पाच पाकिटं, एखादं फळ, दोरा, लेबल, पेन्सिल, प्लास्टिकची पिशवी एवढंच काम असेल तर छोटा चाकू पुरून उरतो. हवा दमट असेल किंवा तुम्हाला घाम फार येत असेल, तर कार्बन पोलादाची निगा जास्त ठेवावी लागेल. कायद्याचं पुढे बोलतो.

लॉक नाही, मग पातं उघडं कसं राहतं

धास्ती घालवायची तर आतली रचना समजून घ्यायला हवी. मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब स्प्रिंग असते. तिचं एक टोक पक्कं बसवलेलं असतं, दुसरं मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसलेलं असतं. बूड म्हणजे पात्याचा मुठीत राहणारा भाग. त्याच्या कडा मुद्दाम सपाट घासलेल्या असतात. पातं पूर्ण उघडलं की एक सपाट कड स्प्रिंगखाली येते आणि पातं तिथे थांबतं. मिटायला लागलं की बुडाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, म्हणून जोर लागतो. कोपरा ओलांडला की उरलेलं काम स्प्रिंगच करते आणि पातं खटकन बसतं. काही चाकूंमध्ये बुडाला आणखी एक सपाट कड असते आणि पातं नव्वद अंशांवरही थांबतं. याला शौकीन लोक हाफ-स्टॉप म्हणतात. बोटांच्या दृष्टीने ही फार चांगली सोय आहे. मिटताना पातं अर्ध्यावर थांबतं, बोटं बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

आता मुख्य गोष्ट. कापताना जोर धारेवर येतो, आणि धारेवरचा जोर पातं उघडण्याच्या दिशेने ढकलतो. तिथे बूड स्प्रिंगच्या टोकाला भिडलेलं असतं, त्यामुळे ते आणखी कुठे जाऊच शकत नाही. म्हणजे नीट कापत असताना लॉकची गरजच पडत नाही. पातं मिटतं ते त्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट कडेवर, जोर आला तरच. असा जोर तीनच प्रकारे येतो. टोक एखाद्या कडक वस्तूत खुपसलं, ते अडलं आणि हात पुढे गेला. पातं पुठ्ठ्यात रुतलं आणि ते सोडवायला मूठ मागे पिळली. किंवा कापून झाल्यावर हात झटक्यात वर आला आणि पाठ कशावर तरी आपटली.

तेव्हा वळण असं लावा. भोक पाडायचं असेल तर टोक खुपसू नका. टोकाजवळची धार टेकवा आणि आपल्याकडे न ओढता बाजूला ओढत हळूहळू खोल जा. पुठ्ठा कापताना अख्खं पातं आत घालू नका, टोकाकडचा साधारण दीड सेंटिमीटर भाग वापरा आणि पातं पुठ्ठ्याशी तिरपं, निजवलेलं धरा. रुतलंच तर पिळू नका. ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने, धारेच्या रेषेत, बाहेर काढा. पकडही बदला. मूठ आवळून धरायची नाही. तर्जनी आणि अंगठ्याने मुठीचा पुढचा धातूचा भाग चिमटीत धरायचा, बाकीची बोटं नुसती टेकवायची. छोट्या चाकूला मनगटाचा जोर लागत नाही, आणि लागत असेल तर धार गेलेली आहे असं समजा.

मिटताना मूठ तळहातावर ठेवा, बोटं सरळ ठेवून वाटेतून बाजूला घ्या, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठ दाबा. शेवटच्या टप्प्यात पातं सोडून देऊ नका, हाताने खाली बसवा. खटकन मिटण्याचा आवाज ऐकायला छान वाटतो, पण त्यात धारेचं नुकसान होऊ शकतं. बुडाच्या खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. मिटलेलं पातं त्या उंचवट्यावर टेकतं, म्हणून धार आत स्प्रिंगला लागत नाही. पण जोरात मिटल्यावर काही चाकूंमध्ये पातं क्षणभर जास्त खाली जातं आणि धार स्प्रिंगवर आपटते. दर वेळी धारेवर एकाच जागी चमकता, सपाट ठिपका दिसत असेल तर कारण हेच. उपाय हळू मिटण्याचा, किंवा मुठीच्या खाचेत तळाशी चामड्याची पातळ चकती बसवण्याचा. किक घासू नका. ती घासली की पातं आणखी खाली बसतं आणि त्रास वाढतो. किक घासायची ती उलट तक्रारीत, म्हणजे मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तेव्हा, आणि तीही एका वेळी अगदी केसभर.

नख तुटतं त्याचं

नवा चाकू बहुधा विनाकारण कडक नसतो. सांध्यात पॉलिशचा मळ आणि धातूचा बारीक चुरा अडकलेला असतो. सांध्यावर हलक्या तेलाचा एक थेंब सोडा, पातं वीस-पंचवीस वेळा उघडा-मिटा. काळं तेल बाहेर येईल. पुसा, पुन्हा एक थेंब सोडा. तेल स्वच्छ येईपर्यंत हे करा, साधारण तीन-चार फेऱ्या लागतात. दोन्ही पात्यांना वेगवेगळं करा. शेवटी खाण्याला चालणाऱ्या मिनरल ऑइलचा एकच थेंब. स्वयंपाकाचं तेल घालू नका. ते काही आठवड्यांत चिकट होतं आणि सांधा पहिल्यापेक्षा जड चालतो. हाडाची मूठ पाण्यात भिजवून ठेवू नका, तडे जातात.

उघडण्याची पद्धतही बदला. सगळे नखाने पातं उचलायला जातात. त्याऐवजी नख पात्यावरच्या खाचेत टेकवून पातं जागेवर धरा आणि दुसऱ्या हाताने मूठ खाली ओढा. जोर मूठ ओढणाऱ्या हाताचा, नखाला फक्त धरायचं काम. पातं बोटभर वर आलं की नख सोडा आणि पात्याच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून उघडा. बऱ्याच चाकूंमध्ये मिटलेल्या पात्याची पाठ मुठीच्या इतकी वर असते की सुरुवातीपासूनच चिमटीत धरता येते. मग नख लागतच नाही.

शौकीन मंडळी स्प्रिंगचा जोर एक ते दहा या अंदाजी मोजपट्टीवर सांगतात. रोजच्या वापराला चार ते सहा मला योग्य वाटतो. तीनच्या खाली पातं खिशात आपोआप उघडेल अशी शंका येते, आठच्या वर माणूस चाकू बाहेर काढायचाच टाळतो. तेल घातल्यावरही तुमचा आठ-नऊवर राहिला तर तो बदलून घेतलेला बरा. स्प्रिंग किंवा बूड घासून जोर कमी करायला जाऊ नका. बुडाची सपाट कड किंचित गोल झाली की उघडं पातं लुळं पडतं, आणि मग तुमची मिटण्याची भीती खरी ठरते.

पातं निळं-काळं पडलं त्याचं

हा दोष नाही. फळातल्या आम्लाने कार्बन पोलादावर पातळ, घट्ट बसणारा थर चढतो. निळा, करडा, जांभळट, काळपट असा कुठलाही रंग चालेल. नको तो नारिंगी किंवा विटकरी. तो गंज. फरक नुसत्या रंगाचा नाही. करडा थर पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि पुढची झीज मंदावतो. गंज फुगतो, सुटतो आणि खाली खड्डा पाडत जातो. हा थर म्हणजे पूर्ण संरक्षण मात्र नव्हे. ओला चाकू मिटून ठेवलात तर करड्या पात्यावरही गंज चढेल.

काम साधं आहे. फळ कापून झालं की लगेच पुसा, जमलं तर धुऊन पूर्ण कोरडा करून मिटा. गंजाचा ठिपका दिसलाच तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात केलेली घट्ट लापशी कापडाला लावून चोळा, किंवा तेलाबरोबर अगदी बारीक स्टील वूल फिरवा. मग तेलाचा पुसट हात. पहिल्या काही दिवसांत फळाला लोखंडासारखी चव येते, थर बसला की ती कमी होते. काही जण व्हिनेगरमध्ये बुडवून एकदमच रंग चढवतात. चालतं, पण दहा-पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नये आणि नंतर सोड्याच्या पाण्याने धुवावं, नाहीतर आम्ल सांध्यात राहून आतून गंज धरतो. मी स्वतः हे करत नाही. वापरातून चढलेल्या रंगात तुम्ही काय काय कापलंत ते दिसतं, टोकाकडे एक छटा, मधल्या पोटाला दुसरी. या छोट्या चाकूंच्या गोडीचा तो एक मोठा भाग आहे, बाटलीतल्या व्हिनेगरने तो पाव तासात उरकण्यात मजा नाही.

हे सगळं नकोच असेल तर स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. जुन्या घाटाच्या चाकूंमध्ये वापरतात ते साधे स्टेनलेस प्रकार फार कडक नसतात. धार थोडी लवकर जाते, पण दोन मिनिटांत परतही येते. कार्बन पोलादाची धार नेहमीच जास्त टिकते हा समज मात्र सोडा. ते त्याच्या कडकपणावर आणि धारेच्या कोनावर ठरतं.

गोडी कशाची

याचं सरळ उत्तर म्हणजे पातळपणा. आधुनिक लॉकवाल्या चाकूचं पातं पाठीशी तीन ते चार मिलिमीटर जाड असतं. जुन्या घाटाच्या छोट्या चाकूचं दोनच्या आसपास, आणि धारेच्या लगेच मागे तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सफरचंदात जाड पातं घाला, ते पाचरीसारखं शिरतं आणि फोड तडकून सुटते. पातळ पातं अलगद पार होतं आणि कापलेली बाजू गुळगुळीत निघते. धारेची तीक्ष्णता दोघांची सारखी असली तरी हा फरक राहतो, कारण तो धारेच्या मागच्या धातूचा आहे. पेन्सिल तासताना, एकच दोरा उसवताना, पाकिटाची कड उघडताना हेच जाणवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक घाटामागे कुणाचं तरी काम आहे. पेननाइफ हे नाव पिसाच्या लेखण्या तासण्यावरून आलं. तुमच्या चाकूतलं छोटं पातं त्याच कुळातलं. स्टॉकमन नावाच्या तीन पात्यांच्या घाटात टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे अशी पाती असतात. स्पे हे गुरं-मेंढ्या खच्ची करण्यासाठी होतं. टोक बोथट एवढ्यासाठी, की नको तिथे टोचू नये. आज ते पातं चिकटपट्टी काढायला आणि लोणी लावायला उत्तम. बार्लो नावाच्या घाटात सांध्याकडचा धातूचा भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो, कारण चाकू तिथेच कमजोर पडतो. केस या अमेरिकी कारखान्याच्या चाकूंवरचे आकडेही वाचता येतात: ६३१८ मध्ये ६ म्हणजे खोदीव हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा घाटाचा क्रमांक. एकदा हे वाचायला लागलं की हातातली वस्तू बोलायला लागते.

स्प्रिंग नसलेलेही जुने घाट आहेत. फ्रान्सच्या साव्वा भागातला ओपिनेल १८९० पासूनचा, बीच लाकडाच्या मुठीत पातं नुसत्या घर्षणावर राहतं. त्याचं पातं अडवून धरणारं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं आणि ते सहा क्रमांकापासून वरच्या मापांना असतं. सहा क्रमांकाचं पातं सुमारे ७ सेंटिमीटर, आणि मला खिशासाठी तेच माप सर्वांत पटतं. दमटपणात लाकूड फुगून पातं अडकतं. तेव्हा नखाने ओढत बसण्यापेक्षा मुठीचा मागचा टोकाचा कोपरा टेबलावर ठोका, पातं थोडं बाहेर येतं. साव्वातले लोक हेच करत आले आहेत. जपानी हिगोनोकामीला दुमडलेल्या पत्र्याची मूठ असते आणि पात्याच्या मागे चिकिरी नावाची शेपटी. ती अंगठ्याने दाबून धरली की पातं उघडं राहतं. दोन्ही सुंदर आहेत, पण तुम्हाला मिटण्याचीच धास्ती असेल तर स्प्रिंगवाल्यावर हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा. आणि कात्री, चिमटा जास्त लागत असेल तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ५८ मिलिमीटरचा क्लासिक किल्ल्यांबरोबर राहतो आणि असल्याचं जाणवतही नाही.

मापाचं म्हणाल तर मिटल्यावर ७५ ते ९० मिलिमीटर आणि पातं ५० ते ७० मिलिमीटर, या पट्ट्यात रोजची जवळजवळ सगळी कामं होतात. पाती एक किंवा दोन बरी. तीन पात्यांत मूठ जाड होते, पाती एकमेकांना घासतात आणि खिशातला कचरा साठायला जास्त फटी मिळतात.

धार लावणं

इथे सर्वांत जास्त चाकू खराब होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नव्या चाकूंना कारखान्यातून येणारी धार बहुधा जाड कोनाची असते. तीवर समाधान मानलं तर पातळ पात्याचा निम्मा फायदा वाया जातो. प्रत्येक बाजूला १५ ते १७ अंश ठेवा. कोन डोळ्याने मोजता येत नाही, उंची मोजता येते. पातं १२ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ धारेच्या दगडापासून सुमारे ३ मिलिमीटर उचलावी लागते, १० मिलिमीटर रुंद असेल तर अडीच. तेवढ्या जाडीची नाणी एकावर एक ठेवून पाठ त्यांवर टेकवा, हाताला तो कल कळला की नाणी बाजूला करा.

दगड १००० ग्रिटचा पुरेसा आहे (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा). सुरुवातीला धारेवर मार्कर पेनची शाई लावा आणि दोन-तीन हात फिरवून बघा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेची अगदी शेवटची कड स्वच्छ झाली तर फार वर. सगळी शाई एकसारखी जाईपर्यंत कोन दुरुस्त करा. मग एकाच बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाने चाचपल्यावर बुडापासून टोकापर्यंत सलग खरखरीत कड लागेपर्यंत. बोट धारेच्या लांबीने फिरवायचं नाही, पाठीकडून धारेबाहेर सरकवायचं. ही कड सलग लागली नाही तर तिथे धार झालेलीच नाही, कितीही वेळ घासलंत तरी. पहिल्यांदा जाड कोन उतरवायला वीस-तीस मिनिटं सहज जातात, पुढे पाच पुरतात. कड आली की बाजू बदला. दुसरीकडेही आली की एक-एक हात आलटून पालटून, दाब कमी करत करत, शेवटचे हात चाकूच्या स्वतःच्या वजनावर.

नंतर चामडी पट्टा. सपाट लाकडावर चिकटवलेलं पातळ चामडं आणि त्यावर हिरव्या पॉलिशचा पुसट थर. पातं पाठीच्या दिशेने ओढायचं, धार मागे. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा हात. शेवटी मनगट वळवून पातं उचलू नका. तिथे धार गोल होते आणि दगडावरची सगळी मेहनत जाते.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. रुंद दगडावर छोट्या पात्याचं बूड आणि मुठीचा धातूचा भाग घासला जातो. दगडाची लांब कड वापरा किंवा अरुंद दगड घ्या, आणि बुडाशी एक-दोन मिलिमीटर सोडून सुरू करा. टोक दगडाबाहेर घसरू दिलं की ते गोल होतं, म्हणून टोक दगडावर असतानाच थांबा. दोन्ही पाती एकदम उघडी ठेवून कधीही धार लावू नका. आणि फटीतून ओढायची धार-यंत्रं या चाकूंपासून दूर ठेवा. ती बुडाशी खळगा पाडतात आणि सहा सेंटिमीटरच्या पात्यात घालवायला धातू फारसा नसतो. काम संपल्यावर सांध्यात शिरलेलं पाणी आणि दगडाची भुकटी धुऊन काढा, कोरडं करा, तेलाचा एक थेंब.

तुमच्याकडे दोन पाती आहेत त्याचा फायदा घ्या. मोठ्या पात्याची धार १००० ग्रिटवरच सोडा, पट्ट्यावर एक-दोन हात पुरे. ती थोडी दाताळ राहते आणि दोरा, पुठ्ठा, प्लास्टिकच्या पट्ट्या चांगल्या पकडते. छोटं पातं मात्र पट्ट्यावर पूर्ण चकचकीत करा आणि फळं, कागद, पेन्सिल यांसाठी राखून ठेवा. पुठ्ठ्यात बारीक खर असते, ती तासलेली धार लवकर मारते. कामं अशी वाटून दिली की छोट्या पात्याला महिनोन्‌महिने दगड दाखवावा लागत नाही.

टोक मोडलं तर, आणि पॅकिंगच्या पिना उचकटायला वापरलंत तर मोडणारच, धारेकडून घासून नवं टोक काढू नका. पाठीकडून घासत धारेच्या रेषेपर्यंत उतरा. धारेची लांबी दोन-तीन मिलिमीटरच कमी होते आणि मिटल्यावर टोक मुठीतच राहतं. धारेकडून घासलं तर टोक वर उचललं जातं आणि बाहेर डोकावतं.

खिसा, कायदा, माणसं

किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशात हा चाकू टाकू नका. मूठ ओरखडते आणि सांध्यात चुरा जातो. चामड्याची छोटी आडवी पिशवी किंवा नुसता रुमालाचा तुकडा पुरतो. पण महिनोन्‌महिने वापर नसेल तर चामड्यात ठेवू नका. चामड्यातल्या रसायनांनी पितळेवर हिरवट थर येतो आणि पोलादावर गंज. आठवड्यातून एकदा दात कोरायच्या काडीने मुठीच्या खाचेतला धाग्यांचा कचरा काढा. घाम धरून ठेवणारा तोच, आणि आतल्या गंजाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते. पुढे कधी जुने चाकू जमवायला लागलात तर सेल्युलॉइडच्या मुठीचे वेगळे ठेवा. जुनं सेल्युलॉइड विघटन पावताना आम्लयुक्त वाफ सोडतं आणि शेजारच्या चांगल्या चाकूंनाही गंजवतं.

कायदा जागोजागी वेगळा आहे, तो तुमच्या ठिकाणचा बघून घ्या. लॉक नसलेला छोटा चाकू अनेक ठिकाणी सोयीचा ठरतो. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, घडीचा, ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू वेगळं कारण न देता बाळगता येतो, लॉकवाल्याला ती सवलत नाही. विमानात हातातल्या सामानात कोणताच चाकू ठेवू नका, जमा करायच्या बॅगेत टाका. शाळा, न्यायालय, सभा अशा जागी तो घरीच राहू दे.

लोक दचकतात त्यावर या चाकूइतका सोपा उपाय नाही. दोन्ही हातांनी, सावकाश, टेबलाजवळ उघडा. टोक लोकांकडे न रोखता काम करा, झालं की लगेच मिटा. कुणी मागितला तर मिटलेलाच द्या, आणि लॉक नाही हे आधी सांगा. मागणाऱ्याला तुमच्यासारखीच लॉकची सवय असण्याची शक्यता मोठी.

आता तुमच्या हातातल्या चाकूबद्दल. आज सांध्यांचं तेलपाणी करा, धार सध्या आहे तशीच राहू द्या आणि पंधरा दिवस फक्त पाकिटं, दोरे आणि फळं कापा. मग उघडं पातं दिव्यासमोर, धार आपल्याकडे करून धरा. नीट धार प्रकाशात दिसत नाही, बोथट जागा चमकते. चमक टोकाकडच्या भागात असेल तर ती साध्या वापराची, दगड घ्यायची वेळ झाली. एकच ठिपका मध्यावर असेल तर धार स्प्रिंगवर आपटते आहे, मिटण्याची पद्धत आधी सुधारा आणि मगच धार लावा. चमक कुठेच नसेल तर कोन बदलायची घाई नको, आणखी महिनाभर तसाच वापरा. शिवाय दोन्ही पाती उघडून मूठ प्रकाशाकडे धरा आणि स्प्रिंग व मुठीच्या पट्ट्या यांच्यात फट दिसते का, पातं बाजूला हलवल्यावर डुलतं का, ते बघा. केसभर फट चालते, डुलणं चालत नाही. तसं आढळलं तर सांध्याच्या खिळ्यावर हातोडी चालवू नका, पुढून आणि वरून काढलेले फोटो इथे टाका, बघून सांगतो.